नावापासून जनुकापर्यंत : दख्खनमधील मार्जारमीनांच्या ओळखीचा इतिहास आणि जालना जिल्ह्यासंदर्भातील काही प्रश्न

प्रस्तावना

जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. उत्तरेकडील भागातून पूर्णा आणि मध्यभागातून दुधना या नद्या जातात. कुंडलिका, गिरजा, केळणा यांसारख्या लहान नद्या, जालना शहराला पाणी पुरविण्यासाठी निजामकाळात बांधला गेलेला घाणेवाडीचा तलाव, पाझर तलाव आणि अलीकडील काळात मोठ्या संख्येने झालेली शेततळी असा या अवर्षणप्रवण जिल्ह्याचा जलसंसार आहे. अशा आटणाऱ्या, गाळाच्या आणि प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात तग धरू शकणाऱ्या माशांमध्ये मार्जारमीनांचे स्थान महत्त्वाचे आहे. मांजरीच्या मिशांसारख्या स्पर्शिका, खवलेविरहित शरीर आणि पृष्ठपराच्या व वक्षपरांच्या मुळाशी असणारे काटे ही या गटातील येथील माशांची सर्वपरिचित लक्षणे होत.

एखादा मासा मार्जारमीन आहे हे ओळखणे सोपे असते. तो नेमका कोणत्या जातीचा हे ठरविणे मात्र कठीण असते. मागूर या नावाने बाजारात येणारा मासा देशी मागूर आहे, आफ्रिकन मागूर आहे की दोहोंचा संकर आहे, यावर त्याचे बीज तळ्यात सोडावे की नाही, त्याची नोंद संरक्षित करावयाच्या जातींत करावी की उपद्रवी परकीय जातींत, हे अवलंबून असते. ओळखीचा प्रश्न केवळ वर्गीकरणशास्त्रज्ञांपुरता उरत नाही तो याच कारणाने. प्रस्तुत लेखात दख्खनमधील मार्जारमीनांच्या ओळखीच्या पद्धती गेल्या दोनशे वर्षांत कशा बदलत गेल्या याचा आढावा घेऊन, जालना जिल्ह्यातील जुन्या व नव्या मत्स्यनोंदी कशा वाचाव्यात याचा विचार केला आहे.

सायक्स आणि देशी नावांचा ग्रंथप्रवेश

दख्खनच्या माशांचा पहिला पद्धतशीर अभ्यास कर्नल विल्यम हेन्री सायक्स (१७९०-१८७२) यांच्या नावावर जमा आहे. मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्यांची सांख्यिकी माहिती संकलनासाठी नियुक्ती केली. लोकसंख्या, शेती, हवामान यांची माहिती गोळा करीत असतानाच त्यांनी पक्षी, सस्तन प्राणी व मासे यांचेही नमुने जमविले. दख्खनच्या माशांविषयीचा त्यांचा लेख लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे सादर झाला. त्याचा सारांश १८३९ मध्ये आणि सविस्तर रूप १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले.

सायक्स यांच्या कामाचे एक वैशिष्ट्य मराठी वाचकाच्या चटकन लक्षात येते. अनेक जातींना शास्त्रीय नाव देताना त्यांनी स्थानिक नावच लॅटिन द्विनामात बसविले. शिंगाळ्याचे ‘सीनघाला’, शिंगटीचे ‘सींगटी’, घोगऱ्याचे ‘गोग्रा’ आणि कुटुर्णीचे ‘कुटुर्नी’ ही नावे आजही स्पेराटा सीनघाला, मिस्टस सींगटी, रिटा गोग्रा आणि रिटा कुटुर्नी या रूपांत जगभरच्या ग्रंथांत वापरली जातात. नदीकाठच्या लोकांच्या बोलीतील शब्द अशा रीतीने आंतरराष्ट्रीय नामकरणाचा भाग झाले.

या नामकरणामागे एक महत्त्वाचे तथ्य दडलेले आहे. शिंगाळा, शिंगटी आणि घोगरा हे तीनही काटेरी मार्जारमीन असूनही त्यांना वेगळी नावे होती. म्हणजेच पुस्तकी वर्गीकरणाच्या आधीपासून त्यांच्यातील भेद नदीकाठी ओळखला जात होता. तथापि लोकव्यवहारातील नाव आणि शास्त्रातील जाती यांचा मेळ सर्वत्र एकास एक असा नसतो. एकच नाव शेजारच्या खोऱ्यात दुसऱ्याच माशाला लागते. लहान व मोठ्या वयाच्या एकाच माशाला दोन नावे असतात. देशी नाव हा मौल्यवान पुरावा असला तरी तो ठिकाण व नमुना यांच्यासह नोंदला गेला तरच उपयोगी पडतो.

जवळच्या जाती वेगळ्या करण्यासाठी सायक्स यांच्याजवळ बाह्य लक्षणेच होती. गंगेतील माशांवरील फ्रान्सिस हॅमिल्टन (पूर्वाश्रमीचे बुकॅनन) यांच्या १८२२ च्या ग्रंथात वर्णिलेला ‘आओर’ आणि सायक्स यांचा ‘सीनघाला’ ही जोडी याचे उत्तम उदाहरण होय. आओर माशाच्या वरच्या जबड्याच्या स्पर्शिका जवळजवळ शेपटीपर्यंत पोचतात, तर सीनघालाच्या तितक्या लांब नसतात. मासा जिवंत व अखंड असेल तेव्हा हा भेद उपयोगी पडतो. स्पर्शिका तुटलेल्या, बाजारात आलेल्या माशात तो निरुपयोगी ठरतो.

जालन्याची छावणी आणि जर्डन

दख्खनच्या निसर्गाभ्यासाच्या इतिहासात जालना शहराचा एक प्रत्यक्ष दुवा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातील शल्यचिकित्सक टॉमस कॅव्हरहिल जर्डन (१८११-१८७२) यांची १८३७ मध्ये दुसऱ्या हलक्या घोडदळात बदली झाली आणि त्यानंतर सुमारे चार वर्षे त्यांचा मुक्काम जालन्याच्या छावणीत होता. पुढे १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथाने त्यांची कीर्ती झाली. मासे हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. मद्रास जर्नल ऑफ लिटरेचर अँड सायन्स या नियतकालिकात १८४९ मध्ये त्यांनी दक्षिण भारतातील गोड्या पाण्यातील माशांवर लेख लिहिला. कावेरीतील हेमिबॅग्रस पंक्टॅटस, मलबारच्या डोंगरी ओढ्यांतील मिस्टस मलबारिकस यांसारख्या मार्जारमीनांची नावे आजही त्यांच्याच नावाशी जोडलेली आहेत.

जर्डन जालन्यात राहिले, परंतु त्यांच्या मत्स्यविषयक लेखनाचा भर कावेरी व मलबारवर राहिला. सायक्स यांचा भर भीमा व मुळा-मुठा यांच्या परिसरावर होता. पुढे १९४० च्या दशकात हैदराबाद संस्थानातील मत्स्यसर्वेक्षणावर एम. रहिमुल्ला प्रभृतींचे लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आले. त्यांचे लक्ष प्रामुख्याने संस्थानाच्या तेलंगण भागावर होते. जालना त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता; स्वतंत्र जिल्हा म्हणून तो १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. प्रशासकीय सीमा बदलत गेल्या, तसा हा प्रदेश तीन वेगवेगळ्या अभ्यासपरंपरांच्या कडेला राहिला. आजच्या नोंदींची तुलना करण्यासाठी जुना पाया येथे विरळ आहे, याचे एक ऐतिहासिक कारण हे होय.

मागूर : एका नावाचा प्रवास

ओळखीतील गोंधळाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे मागूर. कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये ‘सायलुरस बॅट्राकस’ या नावाने एका माशाचे वर्णन केले. ‘बॅट्राकस’ याचा अर्थ बेडूक. वर्णन त्रोटक होते. हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये बंगालमधील माशाला त्याच्या देशी नावावरून ‘मागूर’ हे जातिनाव दिले. फ्रान्सिस डे यांनी १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘द फिशेस ऑफ इंडिया’ या ग्रंथात मागूर हेच नाव ठेवले. विसाव्या शतकात मात्र भारतीय मागूर आणि लिनियसचा मासा एकच आहेत असे मानले जाऊन ‘क्लॅरियस बॅट्राकस’ हे नाव पाठ्यपुस्तकांत, मत्स्ययाद्यांत व शासकीय कागदपत्रांत रूढ झाले. एच. एच. एंग व मॉरिस कॉटेला यांनी २००८ मध्ये लिनियसच्या नावासाठी जावा बेटावरील नमुना नवप्रारूप म्हणून निश्चित केला. त्यानुसार बॅट्राकस हे नाव आग्नेय आशियातील जातीपुरते राहिले आणि भारतीय माशाला क्लॅरियस मागूर हे जुने नाव परत मिळाले. पश्चिम किनाऱ्याकडील क्लॅरियस डुस्सुमिएरी ही आणखी एक निराळी जाती होय.

हॅमिल्टन यांनी मागूरला नाव दिले त्याच वर्षी, म्हणजे १८२२ मध्ये, विल्यम बर्चेल यांनी दक्षिण आफ्रिकेतील प्रवासवर्णनात तेथील एका मोठ्या मार्जारमीनाला ‘गॅरीपिनस’ हे नाव दिले. ऑरेंज नदीचे स्थानिक नाव ‘गारीप’ असे आहे. त्यावरून हे नाव आले. एकाच वर्षी नामकरण झालेल्या या दोन जाती निसर्गतः कधी भेटल्या नसत्या. मानवी व्यापाराने त्या एका तळ्यात आणल्या. आफ्रिकन मागूर १९९० च्या दशकाच्या प्रारंभी बांगलादेशमार्गे अनधिकृतपणे भारतात आला, आणि ‘थाई मागूर’ या नावाने देशभर पसरला. नाव थायलंडचे, मूळ आफ्रिकेचे आणि विक्री देशी मागूर म्हणून, अशी ही तिहेरी फसगत आहे.

या फसगतीचे आर्थिक कारण उघड आहे. देशी मागूर सावकाश वाढतो व त्याची लांबी क्वचितच अर्ध्या मीटरपर्यंत जाते. त्याचा बाजारभाव मात्र चढा असतो. आफ्रिकन मागूर झपाट्याने वाढतो, दीड मीटरहून अधिक लांब होऊ शकतो, जवळजवळ काहीही खातो आणि नदीत शिरल्यास देशी माशांना भक्ष्य करतो. केंद्र शासनाने २००० मध्ये त्याच्या संवर्धनावर बंदी घातली. तरीही संवर्धन चालूच राहिले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०१९ मध्ये त्याच्या निर्मूलनाबाबत आदेश दिले आणि महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय विभागाने २०२० मध्ये मोहीम घेऊन असे साठे नष्ट केले. दरम्यान आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या तांबड्या यादीत क्लॅरियस मागूर ही जाती संकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. एकाच बाजारनावाखाली एक जाती वाचवावयाची आहे आणि दुसरी हटवावयाची आहे. ओळख चुकली तर दोन्ही कामे उलटी होतात.

प्रजननातील ओळखीचे महत्त्व

हिरालाल चौधरी व के. एच. अलीकुन्ही यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे पीयूषग्रंथीच्या अर्काच्या साहाय्याने भारतीय प्रमुख कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. या तंत्राने मत्स्यबीजासाठी नदीवर अवलंबून राहण्याचे कारण उरले नाही. मागूरच्या बाबतीत मात्र या तंत्राला एक मर्यादा आहे. मादीला संप्रेरक टोचून काही तासांनी तिची अंडी हलक्या दाबाने काढता येतात; नराचे शुक्रद्रव्य तसे मिळत नाही, म्हणून सामान्यतः नराचे वृषण शस्त्रक्रियेने काढावे लागते व नर गमावला जातो. प्रत्येक प्रजननचक्रात नवे नर लागत असल्याने बाहेरून आणलेल्या माशांची भर सतत पडते, आणि प्रत्येक भरतीबरोबर चुकीची जाती प्रजनकसाठ्यात शिरण्याची शक्यता वाढते.

पूर्ण वाढलेल्या माशांत काही भेद दिसतात. आफ्रिकन मागूरचे डोके मोठे, रुंद व प्रौढावस्थेत वरून खरखरीत असते. अंगावर बहुधा संगमरवरी छटेचे पट्टे असतात. पहिल्या कल्ल्याच्या कमानीवरील कल्लादंतांची संख्या २४ ते ११० इतकी असते आणि ती वयानुसार वाढते. डोक्याच्या पश्चकपालीय अस्थीच्या टोकाचा आकार हाही एक निकष आहे. परंतु बीजाची विक्री होते ती बोटुकलीच्या अवस्थेत. त्या वयात आकारातील फरक नसतो, डोक्याचा खरखरीतपणा नसतो आणि कल्लादंत मोजण्यासाठी मासा मारावा लागतो. व्यवहारात ओळखीची सर्वाधिक गरज ज्या टप्प्यावर असते, त्याच टप्प्यावर बाह्य लक्षणे सर्वांत कमी विश्वसनीय ठरतात.

जनुकीय ओळख : सामर्थ्य आणि मर्यादा

कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये मांडलेल्या डीएनए बारकोडिंगच्या पद्धतीने ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली. पेशीतील तंतुकणिकांच्या डीएनएमधील एका जनुकाचा सुमारे ६५० घटकांचा तुकडा वाचून तो ज्ञात जातींच्या संग्रहाशी पडताळला जातो. ऑस्ट्रेलियात २००५ मध्ये २०७ जातींच्या माशांवर ही पद्धत यशस्वी ठरली. पराचा लहानसा तुकडा यासाठी पुरतो. मासा मारावा लागत नाही आणि बोटुकलीही ओळखता येते.

या क्षेत्रातील महत्त्वाचे काम जालन्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात झाले. तेथील डॉ. गुलाब खेडकर व सहकाऱ्यांनी नर्मदेतील माशांच्या बारकोडिंगवरील संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. भारतात देशी मागूरच्या जागी आफ्रिकन मागूर मोठ्या प्रमाणावर विकला जातो, हे दाखविणारा त्यांचा शोधनिबंध मायटोकॉन्ड्रियल डीएनए या नियतकालिकाच्या २०१६ च्या खंडात समाविष्ट आहे. विशेष म्हणजे या निबंधाच्या शीर्षकातही देशी माशाचे नाव ‘बॅट्राकस’ असेच आहे. जनुकीय पुरावा अचूक असला तरी नावाचा बदल रुळण्यास वेळ लागतो, हे यावरून दिसते.

बारकोडिंगची मूलभूत मर्यादाही ध्यानात घेणे आवश्यक आहे. तंतुकणिकांचा डीएनए केवळ मातेकडून येतो. देशी मागूरची मादी आणि आफ्रिकन नर यांच्या संकरातून झालेले पिल्लू या कसोटीत निखळ देशी ठरेल. ही शक्यता केवळ तात्त्विक नाही. थायलंडमध्ये क्लॅरियस मॅक्रोसेफॅलस या तेथील देशी जातीची मादी व आफ्रिकन नर यांचा संकर व्यापारी तत्त्वावर वाढविला गेला आणि पुढे तेथील नैसर्गिक साठ्यांत आफ्रिकन जातीची जनुके शिरल्याचे आढळले. त्यामुळे बाजारातील फसवणूक उघड करण्यासाठी बारकोड पुरेसा असला, तरी प्रजनकसाठ्याची शुद्धता ठरविण्यासाठी केंद्रकीय जनुकांची चाचणी आणि शरीरलक्षणांची तपासणी यांची जोड द्यावीच लागते.

जालना जिल्ह्यातील नोंदींचे वाचन

मराठवाड्यातील जलाशयांच्या मत्स्ययाद्यांत ‘क्लॅरियस बॅट्राकस’ हे नाव नेहमी आढळते. वरील इतिहास लक्षात घेता या नावाचा अर्थ नोंदीच्या काळानुसार बदलतो. १९९० पूर्वीच्या नोंदीत ते जुने नाव असून निर्देश बहुधा देशी मागूरचा मानता येतो. १९९० च्या दशकापासून २००८ पर्यंतच्या नोंदीत हेच नाव देशी मागूर, आफ्रिकन मागूर किंवा संकर यांपैकी कोणालाही लागलेले असू शकते. २००८ नंतरच्या नोंदीत या संदिग्धतेखेरीज नामबदलाची दखल न घेतल्याची शक्यताही मिसळते. म्हणून केवळ नावांची तुलना करून ‘मागूर वीस वर्षांपूर्वीही होता व आजही आहे’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. पहिला मासा नाहीसा होऊन त्याच्या नावाखाली दुसराच मासा नोंदला गेला असेल, तर यादी अबाधित दिसेल आणि ऱ्हास मात्र झालेला असेल. असा ऱ्हास यादी वाचून कधीच लक्षात येणार नाही.

यावरील उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक नोंदीमागे प्रत्यक्ष नमुना जतन करणे, त्यावर दिनांक, गाव, जलाशय आणि सांगितले गेलेले देशी नाव लिहिणे, ताज्या माशाचे छायाचित्र घेणे आणि पराचा तुकडा मद्यार्कात ठेवणे एवढे महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला सहज शक्य आहे. आजवर बहुतेक नमुने फॉर्मलीनमध्ये ठेवण्याची पद्धत राहिली. फॉर्मलीनने आकार टिकतो, परंतु डीएनए खराब होतो. त्यामुळे जुन्या बरण्यांतील माशांची जनुकीय तपासणी अवघड असते. तरीही त्या बरण्या टाकून देऊ नयेत. पश्चकपालीय अस्थी व कल्लादंत त्यांत आजही तपासता येतात, आणि संदिग्ध काळातील नोंदींची शहानिशा करण्याचे ते बहुधा एकमेव साधन आहे.

शेततळ्यांचा संदर्भ येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. कडवंची हे जालना तालुक्यातील गाव पाणलोट विकास व शेततळ्यांसाठी राज्यभर ओळखले जाते. राज्य शासनाच्या २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने अशा तळ्यांना आणखी चालना दिली. फळबागेसाठी साठविलेल्या पाण्यात मत्स्यपालनाचा जोडधंदा करण्याची कल्पना स्वाभाविक आहे. हवेतून श्वसन करू शकणारा मागूर अशा साचलेल्या पाण्यासाठी सोयीचा वाटतो. मात्र बीज खात्रीचे नसेल तर शेतकरी नकळत बंदी असलेल्या जातीचा पालक ठरतो, साठा नष्ट झाल्यास त्याचेच नुकसान होते, आणि अतिवृष्टीत तळे फुटल्यास मासे ओढ्यामार्गे दुधना-गोदावरीत पोचतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने आक्रमक परकीय जातींच्या नियमनाची तरतूद आली आहे. तिची अंमलबजावणीही शेवटी तळ्याच्या काठावर मासा ओळखता येण्यावरच अवलंबून राहणार आहे.

समारोप

दख्खनमधील मार्जारमीनांच्या ओळखीचा इतिहास हा देशी नावापासून शरीरलक्षणांकडे आणि शरीरलक्षणांपासून जनुकांकडे झालेला प्रवास आहे. तथापि पुढच्या टप्प्याने मागचा टप्पा निरुपयोगी ठरविला असे दिसत नाही. सायक्स यांनी टिपलेले देशी नाव आजही पुरावा म्हणून बोलते. हॅमिल्टनचे १८२२ चे नाव २००८ मध्ये पुन्हा ग्राह्य ठरले. आणि बारकोडला संकर ओळखण्यासाठी शरीरलक्षणांकडे व केंद्रकीय जनुकांकडे परतावे लागते. जनुकीय संग्रहातील क्रमसुद्धा ज्या नमुन्यावर नाव लिहिले गेले, त्या नमुन्याइतकाच विश्वसनीय असतो.

सायक्स व जर्डन या दोघांचेही निधन १८७२ मध्ये झाले. त्यांपैकी एकाने देशी नावे ग्रंथात नेली, दुसरा जालन्याच्या छावणीत चार वर्षे राहिला. तरी या जिल्ह्याच्या नद्यांतील माशांची, नमुन्यांचा आधार असलेली सलग नोंद तयार होण्याचे काम मागे राहिले. ते काम आता जिल्ह्यातील महाविद्यालयांकडे येते. देशी मागूर जालन्याच्या पाण्यात किती उरला आहे, या प्रश्नाचे उत्तर त्याचे नाव किती याद्यांत आहे यावरून मिळणार नाही. ते ज्या बरणीवर ठिकाण, दिनांक आणि नाव नीट लिहिलेले आहे, त्या बरणीतील माशावरूनच मिळेल.